फुल स्टॅक डेव्हलपर म्हणजे नेमकं कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, जळगाव, सांगली, नांदेड इथली मुलं, पुण्यात खोली घेऊन क्लास लावलेली मुलं, त्यांचे आईवडील आणि अधूनमधून माझ्याच वयाचे कंटाळलेले प्रोग्रामर मला प्रश्न पाठवतात. वीसेक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी चौदा वर्षं वेबची कामं करतोय आणि त्यातली बरीचशी बॅकएंडची आहेत. माझा कल त्या बाजूला झुकतो, हे धरून वाचा.

१. फुल स्टॅक डेव्हलपर म्हणजे काय? सोप्या मराठीत सांगा.

कुठल्याही वेबसाइटचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. तुम्हाला पडद्यावर दिसतो तो फ्रंटएंड, सर्व्हरवर बसून नियम चालवतो तो बॅकएंड, आणि माहिती साठवतो तो डेटाबेस. या तिन्हींत काम करू शकणाऱ्याला फुल स्टॅक डेव्हलपर म्हणतात. क्लासच्या पत्रकावर एवढंच लिहिलेलं असतं आणि ते चूक नाही.

माझी कसोटी मात्र जरा वेगळी आहे. ग्राहकाची एक तक्रार हातात दिल्यावर जो पडद्यापासून डेटाबेसातल्या त्या एका ओळीपर्यंत माग काढतो आणि मध्येच ‘हे माझ्याकडे येत नाही’ म्हणून थांबत नाही, त्याला मी फुल स्टॅक म्हणतो. मग त्याला दोनच भाषा येत असल्या तरी चालेल. उदाहरण तिसऱ्या प्रश्नात आहे.

२. ‘स्टॅक’ हा शब्द आला कुठून? हे नवीन फॅड आहे का?

स्टॅक म्हणजे चळत. एकावर एक रचलेली तंत्रं. १९९८ च्या सुमारास ‘लॅम्प’ हे नाव रुळलं: लिनक्स (ऑपरेटिंग सिस्टीम), अपाची (वेब सर्व्हर), मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि पीएचपी (भाषा). त्या काळात एकच माणूस पान रचायचा, पीएचपी लिहायचा, डेटाबेस बनवायचा आणि एफटीपीने फायली चढवायचा. त्याला वेबमास्टर म्हणत. म्हणजे काम जुनंच आहे, नाव तेवढं नवं.

मधल्या काळात प्रत्येक थर जाड होत गेला आणि माणसं वाटली गेली. पुन्हा एकत्र आणायला जावास्क्रिप्ट कारणीभूत झाली. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ती नेटस्केपसाठी दहा दिवसांत उभी केली, ती ब्राउझरसाठी. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणलं आणि तीच भाषा सर्व्हरवरही सर्रास चालू लागली. २०१३ मध्ये ‘मीन’ हे नाव आलं: मोंगोडीबी (डेटाबेस), एक्स्प्रेस (सर्व्हरच्या कोडची चौकट), अँग्युलर (पडद्याच्या कोडची चौकट), नोड. त्याच वर्षी फेसबुकने पडदा रचायचं आपलं रिॲक्ट सगळ्यांसाठी खुलं केलं. अँग्युलर काढून रिॲक्ट घातलं की मीनचं मर्न होतं.

३. फ्रंटएंडवाला, बॅकएंडवाला आणि फुल स्टॅकवाला यांच्या कामात फरक काय पडतो?

‘पैसे कापले गेले पण ऑर्डर दिसत नाही.’ ही तक्रार तुम्ही स्वतःही कधीतरी केली असेल. ती आतून कशी दिसते ते बघा.

ग्राहकाने ‘पैसे भरा’ दाबलं. नेट हळू होतं, चक्र फिरत राहिलं, त्याने पुन्हा दाबलं. फ्रंटएंडवाला म्हणेल, पहिल्या दाबानंतर बटण बंद करू. बरोबर आहे. पण माणूस पान रिफ्रेश करून परत दाबू शकतो. म्हणून बॅकएंडला प्रत्येक खरेदीसाठी एक वेगळा क्रमांक लागतो: त्याच क्रमांकाची दुसरी विनंती आली तर नवी ऑर्डर न करता पहिलीचंच उत्तर परत द्यायचं. दोन्ही विनंत्या एकाच क्षणी आल्या तर? तेव्हा शेवटचा आडोसा डेटाबेसाचा. त्या क्रमांकाच्या स्तंभावर ‘एकमेव’ अशी अट असेल तरच दुसरी ओळ नाकारली जाते.

आणि कथा इथे संपत नाही. पैसे गेल्याची खरी बातमी ग्राहकाच्या ब्राउझरकडून येत नाही, ती पेमेंट गेटवे तुमच्या सर्व्हरला स्वतंत्रपणे कळवतो. त्याला वेबहुक म्हणतात. तो कधी दोन मिनिटांनी येतो, कधी दोनदा येतो, कधी तुमचा सर्व्हर बंद असताना येतो. म्हणून रात्री एकदा गेटवेची यादी आणि आपली यादी ताडून बघायचं काम लावावं लागतं. पतपेढीतला कारकून संध्याकाळी रोकड जुळवतो, त्यातलाच प्रकार.

आता यातला प्रत्येक तुकडा सोपा आहे. तुकडे तिघांकडे वाटलेले असले की मधली फट कुणाचीच राहत नाही, आणि तक्रार नेमकी तिथून येते. ती फट ज्याला दिसते, त्याला कंपनी पगार देते.

४. मर्न घेऊ, जावा फुल स्टॅक घेऊ की पायथन?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि त्याचं महत्त्व वाटतं तितकं नाही. बँका, विमा आणि मोठ्या सेवा-कंपन्यांकडे जायचं असेल तर जावा आणि स्प्रिंग बूट. काही ठिकाणी डॉटनेट. छोट्या नव्या कंपन्यांत नोड, रिॲक्ट किंवा पायथनचं जँगो जास्त दिसतं. आपल्याला ज्या गावात, ज्या प्रकारच्या कंपनीत जायचंय तिथल्या पन्नास जाहिराती वाचून काढा आणि कागदावर रेघा ओढत मोजा. एका दुपारचं काम आहे आणि माझ्या मतापेक्षा ते भरवशाचं.

एक सावधानता. मर्नच्या नावाखाली डेटाबेस म्हणून फक्त मोंगोडीबी शिकवून सोडतात, एसक्यूएल (डेटाबेसला विचारायची भाषा) राहून जातं. तेवढ्यावर राहू नका, पंधरावा प्रश्न बघा. पहिला स्टॅक शिकायला वर्ष गेलं तरी दुसरा काही आठवड्यांत हातात येतो, कारण एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर यांची बोली), एसक्यूएल आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) सगळीकडे तेच असतं.

५. म्हणजे सगळंच यायला हवं का? असा माणूस असतो तरी का?

सगळं सारखंच येणारा माणूस मी पाहिलेला नाही. बहुतेकांचा एक पाय घट्ट असतो आणि दुसरा टेकवण्यापुरता. माझं सीएसएस (पानाची मांडणी लिहायची भाषा) अजूनही असं आहे की एखादा चौकोन मधोमध आणायला शोधाशोध करतो. पण डिझायनरने दिलेलं पान मी बिघडवत नाही आणि कुठे मोडलंय ते सांगू शकतो. तेवढं पुरतं. जाहिरातीत बावीस तंत्रांची यादी दिसली तर घाबरू नका. ती यादी बहुतेकदा काम देणाऱ्याने न लिहिता भरती करणाऱ्याने कुठून तरी उचललेली असते.

६. माझं एमएस-सीआयटी झालंय. आता थेट फुल स्टॅक लावू का?

एमएस-सीआयटी संगणक वापरायला शिकवतं. प्रोग्रामिंग हा वेगळा प्रांत आहे. थेट फुल स्टॅकच्या कोर्सला बसलात तर तिसऱ्या आठवड्यात समोरचा फलक परका वाटायला लागेल. आधी दोन महिने एकच भाषा घ्या, पायथन किंवा जावास्क्रिप्ट. त्यात व्हेरिएबल, लूप, फंक्शन आणि याद्या यांच्याशी खेळा. घरच्या दुधाचा महिन्याचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम कुणाचंही न बघता लिहिता आला की पुढे जा.

७. मराठी माध्यमातून शिकलोय, इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल. कोडला लागणारं इंग्रजी मोजक्या शब्दांचं असतं आणि ते सहा महिन्यांत अंगवळणी पडतं. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, एररचा मजकूर वाचायचा कंटाळा. लाल अक्षरं दिसली की मुलं डोळे फिरवतात. तो मजकूर संथपणे, शब्द न् शब्द वाचायची सवय लावा. शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर तिथेच असतं. दुसरी अडचण मुलाखतीत बोलण्याची. त्यासाठी स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल दहा मिनिटं इंग्रजीत बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्यांदा ऐकवत नाही. पाचव्या वेळी ठीक वाटतं.

८. लॅपटॉप कोणता घेऊ?

सोळा जीबी रॅम आणि एसएसडी असलेला कुठलाही. जुना, दुरुस्त केलेला घेतलात तरी चालेल. ग्राफिक्स कार्डासाठी वीस हजार जास्त मोजायची गरज नाही, ते गेमसाठी लागतं आणि तुम्हाला ते माहीत आहे.

९. सहा महिन्यांत फुल स्टॅक होता येतं का?

रोज पाच-सहा तास बसलात तर सहा महिन्यांत लॉगिन, यादी, शोध, फॉर्म असलेली एक वेबसाइट बनवून ती इंटरनेटवर चढवता येते. नोकरीच्या दारात उभं राहायला ते पुरेसं आहे. पण तिसऱ्या प्रश्नातली फट दिसायला लागायला वर्ष-दोन वर्षं खऱ्या लोकांनी वापरलेल्या सिस्टीमसोबत जावी लागतात. ते घरी बसून येत नाही, कारण घरी बनवलेल्या साइटवर कुणी रात्री दोनला दोनदा बटण दाबत नाही.

१०. मुलगा पुण्याला क्लास लावायचा म्हणतोय. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणतात. पैसे भरू का?

काका, काकू, आधी तीन गोष्टी लेखी मागा. प्लेसमेंट म्हणजे काय लिहून देतात: नोकरी, की नुसत्या मुलाखतींची सोय? जाहिरातींत बहुधा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. नोकरी न लागल्यास फी परत मिळते का, आणि कोणत्या अटीवर? काही ठिकाणी एक मुलाखत चुकवली की परताव्याचा हक्क जातो. तिसरं, सांगितलेल्या फीत जीएसटी धरलाय का? खासगी क्लासवर तो १८ टक्के असतो. पन्नास हजारांचे एकोणसाठ हजार होतात. फी हप्त्यांनी असेल तर कागद नीट वाचा. कित्येकदा ते एखाद्या वित्तसंस्थेचं मुलाच्या किंवा तुमच्या नावावरचं कर्ज असतं आणि क्लास सोडला तरी हप्ता सुरूच राहतो.

मुलाला म्हणा, आधी दोन महिने फुकटात शिकून दाखव. फ्रीकोडकॅम्प आहे, मोझिलाचं एमडीएन आहे, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. दोन महिने नेमाने बसला तर क्लासचा त्याला उपयोग होईल. नाही बसला तर क्लासमध्येही बसणार नाही, आणि वर पुण्यातल्या खोलीचं भाडंही वाया जाईल.

११. बीई मेकॅनिकल आहे, तीन वर्षांची गॅप आहे. क्लासवाले म्हणतात दोन वर्षांचा अनुभव दाखवू. घेऊ का?

नका घेऊ. नैतिकतेचं भाषण बाजूला ठेवतो, व्यवहाराचं बोलू. नोकरी देताना कंपनी तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा क्रमांक मागते. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत कुठल्या कंपनीने कोणत्या महिन्यात पैसे भरले ते दिसतं. खोट्या कंपनीची पगारपत्रकं छापता येतात, ती नोंद छापता येत नाही. पकडलं गेलं तर ऑफर जाते, आणि रुजू झाल्यावर पकडलं गेलं तर कामावरून काढल्याचा शिक्का बसतो. दुसरा त्रास त्याहून वाईट: दोन वर्षांच्या अनुभवाच्या भरवशावर पहिल्याच आठवड्यात काम हातात पडतं आणि विचारायचं कुणाला ते कळत नाही. मला अशा मुलांचे रात्री अकराला फोन येतात.

गॅप खरी सांगा. ‘घरचं दुकान सांभाळत होतो’ हे वाक्य ऐकून कुणी कुणाला बाहेर काढल्याचं मी पाहिलं नाही. दुकानासाठी उधारीचं ॲप बनवलं असेल तर तोच तुमचा प्रोजेक्ट.

१२. प्रोजेक्ट कोणता करू? मुलाखतीत काय विचारतात?

ऑनलाइन खरेदीच्या साइटची नक्कल, चॅट ॲप आणि टू-डू यादी सोडून काहीही. त्या तिन्ही प्रत्येक बायोडेटात असतात. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब, भिशीची वही, गणेश मंडळाची वर्गणी, असलं काही घ्या जे चार माणसं खरंच वापरतील.

मुलाखतीत फार जुना आणि फार चांगला एक प्रश्न असतो: ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर काय काय होतं? डीएनएसने नावाचा आकडी पत्ता शोधला, ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर सुरक्षित जोडणी झाली, विनंती गेली, सर्व्हरने डेटाबेसाला विचारलं, उत्तर आलं, ब्राउझरने पान रंगवलं. एवढं सांगणारे बरेच असतात. ‘यातलं कुठलं पाऊल तुझ्या प्रोजेक्टमध्ये एकदा मोडलं होतं?’ असं मी पुढे विचारतो. तिथे खरा बनवणारा आणि व्हिडिओ बघून उतरवणारा वेगळे होतात.

१३. फुल स्टॅक म्हणून घेतलं आणि दीड वर्ष सपोर्टला बसवलंय. फसवलं का?

पदाचं नाव आणि काम यांचा मोठ्या कंपन्यांत फारसा संबंध नसतो. तिथे तीनशे माणसांच्या प्रोजेक्टमध्ये तुमच्या वाट्याला एका थराचा एक कोपरा येतो. दहा माणसांच्या कंपनीत उलट: पहिल्याच महिन्यात सर्व्हरची किल्लीसुद्धा तुमच्याकडे.

सपोर्टला कमी लेखू नका, फक्त ते नुसतं तिकीट ढकलण्याचं नसावं. आलेली प्रत्येक तक्रार लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) शोधा, नंतर कोडमध्ये शोधा, दुरुस्ती करणाऱ्याने नेमकं काय बदललं ते गिटवर वाचा. दुसऱ्याने लिहिलेल्या सिस्टीमचे कच्चे दुवे सपोर्टवाल्याइतके कुणालाच दिसत नाहीत. मात्र कोड बघायची परवानगीच नसेल तर वर्षाच्या आत बदली मागा, नाही मिळाली तर बाहेर बघा.

१४. वर्डप्रेस करतो / मोबाइल ॲप करतो. मी फुल स्टॅक का?

वर्डप्रेसवर थीम आणि प्लगइन बसवत असाल तर नाही. स्वतः प्लगइन लिहीत असाल, त्याची टेबलं बनवत असाल तर हो, आणि कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. मोबाइलवाल्यांचंही तसंच: ॲपच्या मागचा सर्व्हर तुम्ही लिहिता का, यावर ठरतं.

१५. एसक्यूएल, डॉकर, क्लाउड यातलं किती यायला हवं?

एसक्यूएल भरपूर. इथे मी हट्टी आहे. जोडण्या, गट करणं, इंडेक्स आणि ट्रान्झॅक्शन हे चार विषय हाताने करता आले पाहिजेत. लायब्ररी तुमच्यासाठी क्वेरी लिहिते तेव्हा ती काय लिहिते हे एकदा उघडून बघा. पन्नास ऑर्डरींची यादी दाखवायची आहे, आणि प्रत्येकीसाठी ग्राहकाचं नाव वेगळं मागवलं जातंय: एक अधिक पन्नास, म्हणजे एक्कावन्न फेऱ्या. तुमच्या लॅपटॉपवर काही जाणवत नाही. ग्राहकाकडे पाच हजार ऑर्डरी असतात तेव्हा पान उघडायला तो चहा पिऊन येतो.

डॉकर (ॲप त्याच्या सगळ्या सामानासकट बांधून कुठेही चालवायचं साधन) आणि क्लाउड (भाड्याचे सर्व्हर) सुरुवातीला जुजबी. एक लिनक्स सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर आपली साइट चढवता येणं, लॉग कुठे असतात ते माहीत असणं, बॅकअप घेता येणं. आणि तो बॅकअप एकदा तरी परत चढवून बघितलेला असणं. हे शेवटचं जवळजवळ कुणी करत नाही.

१६. एआय कोड लिहून देतं. मग हे शिकून उपयोग काय?

मी रोज वापरतो आणि टंकलेखन बरंच कमी झालंय. पण परवाच एका मुलाने एआयकडून दुकानाच्या साइटचं बिलाचं पान करून घेतलं, मी उघडलं. सवलत ब्राउझरमध्ये मोजली जात होती आणि अंतिम रक्कम तिथूनच सर्व्हरला जात होती. ब्राउझरमधली विनंती कुणालाही बदलता येते, त्यामुळे चार हजारांची वस्तू चार रुपयांना घेता आली असती. मी त्याला ती घेऊन दाखवली. पान सुंदर होतं, चाचणीत पास होत होतं. ‘किंमत सर्व्हरवर पुन्हा मोजतोस का?’ हा प्रश्न ज्याला सुचतो त्याने तो एआयला विचारला की तेच एआय क्षणात दुरुस्तही करतं. नुसत्या एकाच थरातलं ठराविक काम करणाऱ्यांवर ताण आलाय, हे मात्र खरं आहे आणि मी ते गोड करून सांगणार नाही.

१७. आमच्या साइटवर मराठी बिघडतं. हे फ्रंटएंडचं काम की बॅकएंडचं?

काय दिसतंय त्यावर अवलंबून आहे. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर त्या यंत्रात देवनागरी फॉन्ट नाही. डेटा शाबूत आहे. इंग्रजी ‘a’च्या डोक्यावर तिरप्या रेघा असली विचित्र रोमन अक्षरांची माळ दिसली तर बाइट बरोबर आहेत पण वाचणाऱ्याने चुकीच्या पद्धतीने वाचले, बहुतेकदा परत मिळवता येतं. नुसती प्रश्नचिन्हं डेटाबेसात जाऊन बसली असतील तर मूळ मजकूर गेला. मायएसक्यूएलच्या ८.० आधीच्या आवृत्त्यांत मुळातली सेटिंग लॅटिनची असायची, तिथे हा अपघात हमखास होई. त्याच मायएसक्यूएलमध्ये नुसतं ‘यूटीएफ८’ निवडलं तर मराठी चालतं, कारण देवनागरी अक्षर तीन बाइटांत मावतं, आणि अभिप्रायात पहिला इमोजी आला की अडकतं, त्याला चार लागतात. ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा.

आता माझी चूक. एका पतसंस्थेसाठी सभासद-शोध लिहिला होता. महिन्याभराने तिथल्या बाईंचा फोन: ‘वऱ्हाडे सापडत नाहीत. यादीत आहेत, शोधले की नाहीत.’ मी फ्रंटएंड तपासला, ठीक. बॅकएंड तपासला, ठीक. ‘तुम्ही टाइप करताना चुकत असाल’ असंही त्यांना म्हणालो, त्याची अजून लाज वाटते. मग दोन्ही नावांचे बाइट शेजारी शेजारी छापले. बाई टाइप करत होत्या त्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत. जुना डेटा एका लिपी-फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला होता. त्यात साधा ‘र’, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. वऱ्हाडे आणि वर्‍हाडे. पडद्यावर एकसारखे, डेटाबेसासाठी दोन वेगळी माणसं. युनिकोडची नेहमीची एकरूप करायची पद्धतही हे जुळवत नाही, आपल्याला स्वतः बदलावं लागतं. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप केलं. वऱ्हाडे सापडले, त्यांच्यामागून गोऱ्हे आणि कऱ्हाडेही सापडले. ही चूक कुठल्या थराची होती ते मला अजून सांगता येत नाही.

१८. लोकांची जन्मतारीख एक दिवस मागे पडते. कोडमध्ये तर काही चूक दिसत नाही?

तुमचा ब्राउझर भारतीय वेळेत आहे, सर्व्हर जागतिक वेळेत. आपण साडेपाच तास पुढे. तारीख निवडली की ब्राउझर ती त्या दिवसाच्या रात्रीचे बारा धरतो, पाठवताना जागतिक वेळेत फिरवतो, आणि ती आदल्या दिवसाची संध्याकाळचे साडेसहा होते. सर्व्हर वेळ कापून तारीख ठेवतो. झाला एक दिवस कमी. जन्मतारखेला वेळ नसते. ती नुसती तारीख म्हणूनच पाठवा आणि नुसती तारीख म्हणूनच साठवा.

याचीच मोठी बहीण मार्चअखेरीस भेटते. १ एप्रिलला पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी झालेली विक्री जागतिक वेळेत ३१ मार्चची रात्री आठ चाळीस असते. अहवालाने तोच दिवस धरला तर ती गेल्या आर्थिक वर्षात जाते, आणि सीए फोन करतो. वेळ साठवा जागतिक, पण दिवसाच्या आणि वर्षाच्या सीमा भारतीय वेळेनेच मोजा.

१९. कंपनीत मी एकटाच. दोन माणसांचं काम, एकाचा पगार. फुल स्टॅक म्हणजे हेच का?

काही मालकांसाठी हो, हेच. एकट्याने सगळं करणं वाईट नाही, शिकायला तर उत्तम. पण एकट्याने सगळं करून शिवाय रात्री सर्व्हर पडल्यावर उठायचं, सुट्टीवर लॅपटॉप न्यायचा, आणि तपासणारं दुसरं कुणी नाही, हे दोन वर्षांपलीकडे ताणू नका. पगार वाढवून मागताना ‘मी खूप काम करतो’ म्हणू नका. कुठली कामं तुमच्याशिवाय थांबतात ती यादी द्या आणि सांगा की हा कंपनीसाठीच धोका आहे. माझ्या ओळखीत दोघांना यावर मदतनीस मिळाला. एकाला नाही मिळाला. त्याने नोकरी बदलली.

२०. फ्रीलान्स कामं घेऊ का? ओळखीतले पंधरा हजारांत पूर्ण साइट मागतात.

घ्या, पण कागद करून. किती पानं, किती बदल फुकट, नंतरची देखभाल वर्षाला किती. डोमेन आणि होस्टिंग ग्राहकाच्या नावावर, त्याच्याच कार्डाने घ्या. तुमच्या नावावर घेतलंत तर पाच वर्षांनी नूतनीकरण चुकेल आणि लग्नाच्या पंगतीत तुम्हाला गाठून विचारतील. निम्मे पैसे आधी. मामांकडूनसुद्धा.

२१. बारा वर्षं बॅकएंड केलंय. बायोडेटात फुल स्टॅक लिहू का?

एक शनिवार काढा. तुमच्याच सिस्टीममधलं एक छोटं काम उचला, समजा सभासदाच्या अर्जावर पर्यायी फोन नंबरचा रकाना. पडद्यावर तो रकाना आणा, तपासणी लावा, सर्व्हरवर तीच तपासणी पुन्हा लावा, टेबलात स्तंभ वाढवा, जुन्या नोंदींचं काय करायचं ते ठरवा, चाचणी लिहा, चढवा. कुणाला न विचारता संध्याकाळपर्यंत झालं तर लिहा. पडद्याच्या भागाशीच अडकलात तर आणखी चार शनिवार काढा आणि मग लिहा.